केंद्राध्यक्षाची झोप

१ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्याचे मतदान झाले. त्या दिवशी उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावर असलेली ३३ माणसे उष्म्याने दगावली, असे त्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच सांगितले. त्यांत होमगार्ड होते, सफाई कामगार होते, मतदान कर्मचारी होते. दोन दिवसांनी तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार पत्रकारांपुढे म्हणाले की निवडणूक किमान महिनाभर आधी संपायला हवी होती, इतक्या उन्हात ती घ्यायला नको होती, हा आपला पहिला धडा आहे. कबुली प्रामाणिक होती. पण लगेच निकाल लागला, सरकार बनले, आणि त्या ३३ जणांचा विषय मागे पडला.

मला हा विषय केवळ माणुसकीचा वाटत नाही. माणुसकीचा तर तो आहेच. पण निवडणूक निष्पक्ष होते की नाही, या प्रश्नाशी तो थेट जोडलेला आहे आणि हे जोडलेपण आपण कधी नीट मांडत नाही. आपल्याकडचे वाद मतदान यंत्र, पैसा, आचारसंहिता आणि आयोगाची भूमिका यांच्याभोवती फिरतात. ते व्हायलाच हवेत. मात्र यंत्र कोणीतरी जोडतो, यादीतले नाव कोणीतरी शोधतो, शाई कोणीतरी लावतो, रात्री आकडे कोणीतरी लिहितो. २०२४च्या लोकसभेसाठी साडेदहा लाख मतदान केंद्रे होती आणि मतदान कर्मचारी व सुरक्षा दले मिळून दीड कोटी माणसे कामाला लावली होती. ही माणसे पुरेशी होती का, जेवली होती का, झोपली होती का, यावर निवडणुकीची शुद्धता अवलंबून असते. कारण थकव्यातून झालेली चूक आणि ठरवून केलेली लबाडी कागदावर अगदी सारखी दिसते. मतदाराला दोन्हींतला फरक ओळखण्याचे काहीच साधन नसते.

मतदान पथकाचा दिवस कसा जातो ते एकदा बघावे. मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी तालुक्याच्या ठिकाणी हजर व्हायचे. हजारोंच्या गर्दीत आपले पथक शोधायचे, साहित्य ताब्यात घ्यायचे, कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट आणि मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटचे क्रमांक ताडून पाहायचे, पाकिटे आणि नमुने मोजायचे. मग एसटीने नाहीतर जीपने केंद्रावर. तिथे पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. केंद्र म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची शाळा. बाके सरकवून, चिन्हांकित यादी आणि शाई मांडून, मतदान कक्ष उभा करून होईस्तोवर रात्र झालेली असते. झोप फरशीवर, अंगाखाली घरून आणलेली चादर. मतदान सातला सुरू होणार असेल, तर त्याआधी दीड तास, म्हणजे साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचे लुटुपुटीचे मतदान, घ्यायचे असते. म्हणजे उठायचे चारला. सात ते सहा मतदान. रांगेत माणसे असतील तर ती संपेपर्यंत. मग यंत्र बंद करणे, मोहोरबंद करणे, नमुना १७ क, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब, भरणे, प्रतिनिधींना त्याच्या प्रती देणे, केंद्राध्यक्षाची दैनंदिनी, पंधरावीस पाकिटे. मग परत तालुक्याला, आणि तिथे साहित्य जमा करायच्या रांगेत मध्यरात्र. ‘रिसिव्हिंगला दोन वाजले’ हे वाक्य आपल्या शिक्षकवर्गात इतके सवयीचे झाले आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आता या वेळापत्रकात सर्वांत नाजूक कामे कोणत्या घटकेला येतात ते पाहा. पहिले पहाटे साडेपाचला. अभिरूप मतदानात किमान पन्नास मते टाकून बघतात. त्यानंतर ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लिअर’ ही तीन बटणे त्याच क्रमाने दाबायची, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढायच्या, त्यांच्या मागे शिक्का मारायचा आणि काळ्या पाकिटात बंद करायच्या. यातले ‘क्लिअर’ राहिले, तर दिवसभराच्या खऱ्या मतांत पहाटेची खोटी मते मिसळतात. दुसरे नाजूक काम रात्री, पंधरा तासांनंतर: १७ क मधली एकूण मते, मतदार नोंदवहीतली संख्या आणि यंत्रावरचा आकडा यांचा मेळ. पहिले काम अर्धवट झोपेत, दुसरे पूर्ण थकव्यात. अभिरूप मतदानाचा डेटा पुसायचा राहून गेल्याच्या घटना देशभर घडल्या आहेत. त्यासाठी आयोगाला खास नियम करावा लागला आहे: असे यंत्र बाजूला ठेवायचे, आणि विजयाचे अंतर त्या केंद्रांवरच्या मतांपेक्षा कमी असेल तरच त्याच्या चिठ्ठ्या मोजायच्या. म्हणजे ही चूक होते हे व्यवस्थेला पक्के ठाऊक आहे. चूक झाल्यावर काय करायचे याचा नियम आहे. ती होऊ नये म्हणून केंद्राध्यक्षाला सहा तास झोप मिळावी, असा नियम नाही.

मनुष्यबळाचा हिशेब आपण सेकंदांत केला तर तो जास्त बोलका होतो. अकरा तासांचे मतदान म्हणजे ६६० मिनिटे. केंद्रावर १,५०० मतदार आणि ६६ टक्के मतदान धरले, तर ९९० माणसे. प्रत्येकाच्या वाट्याला ४० सेकंद येतात. मतदारसंख्येची मर्यादा १,२०० केली की तेच ५० सेकंद होतात. या वेळात पहिल्या मतदान अधिकाऱ्याने नाव शोधून ओळखपत्र ताडायचे, दुसऱ्याने शाई लावून सही घ्यायची, तिसऱ्याने यंत्र मोकळे करायचे. कामे समांतर चालतात हे खरे, पण अडखळणारा एक म्हातारा माणूस, एक न सापडणारे नाव, एक तक्रार, आणि रांग दारातून अंगणात जाते. २०२५ साली आयोगाने देशभर १,२००ची मर्यादा धरायचे ठरवले, आणि बिहारच्या विधानसभेला ती सर्वप्रथम राज्यभर लागू झाली; त्यासाठी तिथे बारा हजारांहून अधिक केंद्रे वाढवावी लागली. हा निर्णय मनापासून स्वागत करण्यासारखा आहे. पण केंद्र वाढले की पथकही वाढते, आणि ते पथक भरायचे कोणातून, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो.

रांग लांबली की काय होते ते मुंबईने २० मे २०२४ ला पाहिले. उकाडा, सावली नाही, पाणी नाही, तासन् तास न सरकणारी रांग. कित्येक जण मत न देताच घरी गेले. त्या दिवशी सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही संथ मतदानाची तक्रार केली. काहींना त्यात डाव दिसला. डाव होता की नियोजनाचा अभाव, याचा निवाडा मी करणार नाही. मला एवढेच दिसते की कमी माणसांनी चालवलेले केंद्र गरिबाचे मत आधी गाळते. ज्याला कामाच्या खाड्याची भीती आहे, जिच्या कडेवर मूल आहे, ज्याचे गुडघे धरले आहेत, तो आधी रांग सोडतो. कायद्याने मतदानाच्या दिवशी पगारी सुटी दिलेली असली, तरी रोजंदारीवर जगणाऱ्याला ती प्रत्यक्षात मिळते किती?

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेचे मतदान एकाच टप्प्यात झाले, १,००,१८६ केंद्रांवर. संध्याकाळी पाचचा तात्पुरता आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम आकडा ६६.०५ टक्के. या फरकावरून जो वाद उठला तो अजून शमलेला नाही. आयोगाचे म्हणणे असे की पाचनंतरही मतदान चालू असते आणि मतदान संपताना केंद्राध्यक्ष कायद्याने नेमलेल्या कामांत गुंतलेले असतात, त्यामुळे आकडे मागाहून येत राहतात. हे म्हणणे मी खरे धरून चालतो. पण मग त्याचा अर्थ काय होतो? आकडा वेळेवर देणारा मोकळा हात केंद्रावर नव्हता, असाच ना? एका जास्तीच्या कर्मचाऱ्याने दर तासाचा आकडा बिनचूक पाठवला असता, सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या किती माणसांना मतदानासाठी चिठ्ठ्या दिल्या हे लगेच नोंदवले असते, तर संशयाची निम्मी जागा आपोआप बंद झाली असती. विश्वास डळमळला की तो परत उभा करायला किती खर्च येतो, हे गेल्या दीड-दोन वर्षांत आपण बघतोच आहोत. त्यापुढे एक लाख माणसांचा दोन दिवसांचा भत्ता म्हणजे किरकोळ रक्कम.

यात एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. मतदान पथक गावात उतरते तेव्हा त्याला जेवू कोण घालते? कर्मचाऱ्यांनी कोणाचा पाहुणचार घेऊ नये, असे सूचना सांगतात. पण संध्याकाळी सातला आडगावात पोहोचलेल्या पाच माणसांना हॉटेल नसते. अंगणवाडीतल्या किंवा बचत गटातल्या बायकांकडे प्रशासनाने जेवणाची व्यवस्था सोपवली असेल तर ठीक. जिथे ती नीट झालेली नसते, तिथे गावातला कोणी तरी ‘साहेब, डबा पाठवतो’ म्हणत येतो. तो कोणी तरी बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या गटाचा असतो. भाकरी खाल्ल्याने कोणी मत फिरवत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने ‘आजीबरोबर मी आत जातो, तिला दिसत नाही’ म्हटले, की नाही म्हणताना जीभ जड होते. कर्मचाऱ्याची निःपक्षता ही त्याच्या चारित्र्यावर सोडून द्यायची गोष्ट नाही. त्याला कोणाच्याही उपकाराखाली यावे लागू नये, ही सोय करणे हे निवडणूक यंत्रणेचे काम आहे. जेवण, पाणी, शौचालय, रात्रीचे वाहन ही त्या अर्थाने निवडणूक साहित्याचीच यादी आहे, शाई आणि लाखेइतकीच.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर हे सोयीच्या पलीकडे जाते. कडी नसलेल्या खोलीत परक्या गावात रात्र काढणे, बंद शौचालयामुळे दिवसभर पाणी न पिणे, मध्यरात्री साहित्य जमा करून झाल्यावर घरी जायला वाहन नसणे. फक्त स्त्रिया चालवतात अशा, ‘सखी मतदान केंद्र’ म्हणून फुगे लावून सजवलेल्या केंद्रांचे फोटो छापून येतात. त्याच तालुक्यातल्या बाकीच्या केंद्रांवर काम केलेल्या बाईंना कोणी विचारत नाही.

मनुष्यबळ कमी पडण्याचा आणखी एक परिणाम थेट शुद्धतेवर होतो. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणते केंद्र मिळणार हे संगणकीय सरमिसळ करून ठरते, म्हणजे कोणाला आधी कळू नये आणि संगनमत होऊ नये. उत्तम पद्धत आहे. पण सरमिसळीला अर्थ तेव्हाच, जेव्हा निवडायला भरपूर माणसे असतात. शासनाची लाखो पदे रिक्त, कायम नोकरीत असलेले मोजके, त्यांतले वजनदार ओळखीने नाव कमी करून घेणारे, वैद्यकीय प्रमाणपत्रे आणणारे. मग दर वेळी उरतात तेच जिल्हा परिषदेचे शिक्षक, तेच ग्रामसेवक, तेच तलाठी. राखीव म्हणून ठेवलेली माणसे सकाळीच गैरहजरांच्या जागी खर्ची पडतात आणि दुपारी कोणाला चक्कर आली तर बदली द्यायला कोणी नसते.

कायदा मात्र याबाबतीत एकाच दिशेने भक्कम आहे. संविधानाच्या ३२४(६) कलमानुसार आयोगाने मागितलेले कर्मचारी राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी द्यायचेच असतात. कामावर असताना ते आयोगाच्या शिस्तीखाली असतात. मतदार यादीच्या कामात कसूर केली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षे कैद होऊ शकते. घेण्याचा अधिकार इतका स्पष्ट, पण घेतलेल्या माणसाला किती तास राबवायचे याची मर्यादा कुठे लिहिलेली नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सेंट मेरीज स्कूल प्रकरणात सांगितले होते की यादीच्या कामाला शिक्षकांना सुटीच्या आणि बिगरशिकवणीच्या दिवशीच लावावे, शाळेच्या वेळात सहसा लावू नये. दोन वर्षांनी आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने निवडणुकीचे काम अपवाद म्हणून मान्य केले, आणि व्यवहारात त्या अपवादाचाच नियम झाला.

२०२५ च्या नोव्हेंबरात मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाले, आपला गोवा त्यात होता. सुमारे ५१ कोटी मतदार, घरोघर अर्ज वाटून गोळा करायचे, मोबाइलवर भरायचे, आणि मुदत सुरुवातीला अवघी एक महिना. हा सगळा भार केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांवर, म्हणजे बीएलओंवर. आपली शाळा किंवा अंगणवाडी सांभाळून. त्या आठवड्यांत अनेक राज्यांतून बीएलओंच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, काहींनी स्वतःचे जीवन संपवले, आणि घरच्यांनी कामाच्या ताणाकडे बोट दाखवले. दुसरीकडे नोएडात बीएलओंवर त्याच ३२ व्या कलमाखाली गुन्हे दाखल झाले. शेवटी ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की बीएलओंचे कामाचे तास कमी होतील इतके जास्तीचे कर्मचारी द्या, आणि कोणी आजारपणासारखे खरे कारण देत असेल तर त्याची विनंती तपासून त्याच्या जागी दुसरा माणूस नेमा. जी गोष्ट नियोजनाच्या पहिल्या पानावर असायला हवी, ती माणसे गेल्यावर न्यायालयाच्या आदेशात आली.

आणि यादीचे काम घाईत झाले तर नुकसान कोणाचे? ऊसतोडीला गेलेले कुटुंब, भाड्याची खोली बदललेला कामगार, लग्न होऊन नाव आणि गाव दोन्ही बदललेली मुलगी. यांच्या घरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावे लागते. बीएलओला तेवढा वेळच नसेल, तर ‘पत्त्यावर आढळले नाही’ हा शेरा सर्वांत स्वस्त पडतो. मतदानाच्या दिवशी नाव नाही असे कळलेल्या माणसासाठी निवडणूक तिथेच अन्यायकारक झालेली असते, मग पुढे मोजणी कितीही चोख होवो.

इंडोनेशियाचा अनुभव इथे सांगायलाच हवा. १७ एप्रिल २०१९ रोजी त्या देशाने राष्ट्राध्यक्ष आणि सर्व पातळ्यांवरची विधिमंडळे यांचे मतदान प्रथमच एका दिवशी घेतले. बहुतेक मतदारांच्या हातात पाच मतपत्रिका, मोजणी केंद्रावरच, हाताने, आणि ती दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत चालली. त्यानंतरच्या आठवड्यांत ८९४ निवडणूक कर्मचारी मरण पावले आणि ५,००० हून अधिक आजारी पडले, हे तिथल्या निवडणूक आयोगाचेच आकडे. वय, जुने आजार आणि त्यावर अतिश्रम हे कारण पुढे आले. मृत्यूंवरून विषप्रयोगाच्या अफवा उठल्या, आकडे भरतानाच्या चुकांवरून घोटाळ्याचे आरोप झाले. त्या देशाने पुढे कर्मचाऱ्यांसाठी ५५ वर्षांची वयोमर्यादा आणि आरोग्य तपासणी आणली, मानधन दुपटीने वाढवले. २०२४ मध्ये मृत्यू बरेच कमी झाले, थांबले मात्र नाहीत. जून २०२५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने राष्ट्रीय आणि स्थानिक निवडणुका २०२९ पासून वेगळ्या घ्यायला सांगितले, आणि त्यामागे निवडणूक यंत्रणेवरचा भार हेही एक कारण होते.

आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभा-विधानसभा एकत्र घेण्यासाठीचे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले. सारखी सारखी माणसे निवडणुकीला जुंपावी लागू नयेत, हा त्यामागचा एक युक्तिवाद आहे आणि शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर त्यात तथ्य आहे. पण फेऱ्या कमी होताना प्रत्येक फेरीचे ओझे दुप्पट होणार असेल, दोन यंत्रसंच, दोन नोंदी, दोन १७ क, तर पाच माणसांचे पथक ते पेलेल का, याचे उत्तर विधेयकाच्या समर्थकांनी आधी द्यायला हवे. स्थानिक निवडणुकांत हे आपण लहान प्रमाणावर पाहतो. मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत एका प्रभागात चार-चार मते द्यायची असतात, मतदार गोंधळतो, प्रत्येकाला लागणारा वेळ वाढतो, आणि पथक तेवढेच राहते.

‘हे राष्ट्रीय कर्तव्य आहे, एका दिवसाचा तर प्रश्न,’ असे उत्तर ठरलेले असते. कर्तव्य आहे हे कर्मचारी नाकारत नाहीत. गडचिरोलीत हेलिकॉप्टरने उतरून पुढे जंगलातून चालत केंद्र गाठणारी पथके ते दरवेळी दाखवून देतात. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका झाल्या तेव्हा काय घडले ते आठवावे. शिक्षक संघटनेने १,६२१ मृत्यूंची यादी दिली. शिक्षण विभागाने आधी फक्त तीन मान्य केले. मोठा आक्रोश झाल्यावर निकष बदलले आणि सरकारने २,०२० कुटुंबांना प्रत्येकी ३० लाख, म्हणजे ६०६ कोटी रुपये दिले. तीन ते दोन हजार हा प्रवास ज्या व्यवस्थेत आक्रोशाशिवाय होत नाही, तिथे कर्तव्याची भाषा एकतर्फी पडते.

२०२५ साली काही गोष्टी सुधारल्या. बीएलओंचे वार्षिक मानधन सहा हजारांवरून बारा हजार झाले, केंद्राध्यक्षाचा रोजचा भत्ता ३५० वरून ५००, मतदान अधिकाऱ्याचा २५० वरून ४००. वाढ हवीच होती. पैशाने मात्र झोप विकत मिळत नाही. त्यासाठी माणसे वाढवावी लागतात. मतदान संपल्यावर मोहोरबंद यंत्रे आणि पाकिटे केंद्रावरूनच ताब्यात घेणारे ताजे पथक वेगळे असावे. मोठ्या केंद्रावर पाचवा मतदान अधिकारी असावा, त्याच्याकडे आकडेवारी आणि रांग एवढेच काम असावे. बँका, विमा कंपन्या, केंद्रीय कार्यालये यांचा वाटा दर निवडणुकीत प्रत्यक्ष भरला जावा. पुनरीक्षणाच्या काळात बीएलओला मूळ कामातून पूर्ण मोकळे करावे. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, आयोगाचे एक परिपत्रक आणि राज्य सरकारची मंजुरी पुरते.

आणि हे झाले की नाही, हे लोकांना दिसले पाहिजे. मतदानाची टक्केवारी आपण केंद्रनिहाय मागतो, तसेच प्रत्येक मतदारसंघात किती पदे मंजूर होती, किती भरली, किती राखीव होते, किती जण कामावर असताना आजारी पडले, हेही आयोगाने निकालाबरोबर प्रसिद्ध करावे. केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत कोण मतदान अधिकारी गैरहजर होता, त्याच्या जागी कोणाला घेतले, केंद्रावर काय गडबड झाली, याचे रकाने आहेतच. त्यात आणखी चार घालावेत: पथक केंद्रावर किती वाजता पोहोचले, जेवण कोणी दिले, शौचालय चालू होते का, साहित्य जमा करून किती वाजता सुटका झाली. पक्षांच्या प्रतिनिधींनी १७ क मागून घ्यायची सवय लावून घेतली, तशी ही माहितीही मागावी. पुढच्या निवडणुकीचे पथक किती जणांचे असावे, हे मग त्या रकान्यांवरून ठरवता येईल.